बयामावशीचा साधा कॉल

बेडशात मला सगळे अनिताबाई म्हणतात. अंगणवाडी चालवते, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि पारा त्याहून वर, असं गावाचं मत आहे. मत खरं आहे. शहाणपणा शिकवणारी माणसं मला आवडत नाहीत, अर्थात मी सोडून. पण गावात एक बाई अशी आहे की तिच्या ओसरीवर गेलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. तिचं नाव बयाबाई. वयानं मोठी, म्हणून मी मावशी म्हणते.

बयामावशी गुलाबाच्या पॉलिहाऊसवर ग्रेडिंगला जाते. म्हणजे तोडून आणलेली फुलं दांड्याच्या लांबीप्रमाणे वेगळी करायची, गुच्छ बांधायचे, पुठ्ठ्यात गुंडाळायचे. नवरा दत्तोबा घरची थोडी भातशेती बघतात. दोघांना एकच मुलगा, अंबाजी. तो लहान असताना तापानं फणफणला आणि ताप उतरला तेव्हा त्याचे कान गेलेले होते. कान गेले तसे शब्दही आले नाहीत. बहिऱ्या मुलांची शाळा पुण्यात, तिथं रोज नेणार कोण? मग मावशीनं स्वतःच त्याच्यासाठी बोली तयार केली. हातांची. नाकातल्या मोरणीवर बोट ठेवलं की आई. मिशीला पीळ दिला की बाप. दोन्ही हातांची बोटं टोकाला जुळवून डोंगर केला, म्हणजे समोरचा तिकोना, म्हणजेच आपलं गाव. तर्जनी नाचवली की मी, अनिताबाई. या शेवटच्या खुणेवरून मी पुष्कळ दिवस रुसले होते.

ही बोली पुस्तकात नाही. मावशीला येते, दत्तोबांना कामापुरती येते, अंबाजीबरोबर वाढलेल्या कोंडाजीला येते आणि थोडीफार मला. बाकीच्या गावाला त्याची गरज वाटली नाही. त्यांच्यासाठी तो 'ए मुक्या' होता. ए मुक्या, पाणी आण. ए मुक्या, पुडी आण. आणली की पाठीवर थाप, झालं.

आणि या मुक्याच्या हातात काय होतं म्हणता? डोळे भरणं. जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचं. दहा जण करतात, त्यातले निम्मे डोळे सुकतात. अंबाजीचे सुकत नाहीत. कुणी विचारलं तर सांगू शकत नाही, नुसता हसतो.

पॉलिहाऊसच्या मालकांनी केनियात जमीन भाड्यानं घेतली, तेव्हा इथून दोन माणसं नेली, अंबाजी हातांसाठी आणि कोंडाजी त्याच्या तोंडासाठी. जोडी छान जमली. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. यंदा संक्रांतीच्या सुमारास कोंडाजीचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो कायमचा परत आला. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, अंबाजीचा मोबाईल औषधाच्या टाकीत पडला.

त्या मळ्यावर एक नियम आहे आणि तो चुकीचा नाही. फवारणी सुरू करायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की आत असेल त्यानं बाहेर यायचं, कारण औषध विषारी. अंबाजीला भोंगा ऐकू येणार नाही. आतापर्यंत कोंडाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर काढत होता. आता कोण काढणार? तिथल्या मॅनेजरनं फोन करून दत्तोबांना हिंदीत सांगितलं की ज्याला हाक पोचत नाही त्याला मी आत ठेवू शकत नाही. तिकीट काढतो, घेऊन जा.

"येऊ द्या की मंग," दत्तोबा म्हणाले. त्यांचा चेहरा लपत नव्हता, इतका आनंद झाला होता. "लय झालं परदेस. आपलं पोरगं आपल्या दारात बरं."

मावशीनं त्यांच्या हातातून फोन घेतला. तिची हिंदी पॅकिंग शेडमधल्या बिहारी पोरींकडून आलेली. ती म्हणाली, "साब, हम इधर से बोलेगा ना. तुम हमको बोलो, हम उसको हात से बोलेगा. मोबाईल में. भोंगा बजाने से पहले हमको बजाओ."

मॅनेजर हसला असावा. पण मावशी हसली नाही, आणि समोरचा माणूस हसत नसेल तर आपलं हसणं लवकर संपतं. शेवटी तो तयार झाला. शनिवारी तळेगावचा वरद, कंपनीतला नवा कृषी पदवीधर, त्या मळ्यावर जाणार होता. त्यानं मोबाईल न्यायचा, सकाळी चाचणी घ्यायची. शेडच्या, म्हणजे तिथल्या पॉलिहाऊसच्या, आतून अंबाजीला मोबाईलवरून बाहेर बोलावता आलं तर तो राहील. नाही आलं, तर वरद दुपारी ज्या गाडीनं नैरोबीला परत जाणार, त्याच गाडीत अंबाजीही बसेल.

"मावशी, तुम्हाला तो यायला नकोय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

तिनं मला त्याचा जुना व्हिडिओ दाखवला. पांढरे बूट घातलेला अंबाजी, समोर वीसेक पोरी, त्याच्या हाताकडे टक लावून बघतायत. तो चीर देतो, त्या चीर देतात. तो एकीचा हात धरून पट्टी नीट करतो, ती मान डोलावते.

"तितं त्याला मास्तर समजत्यात," मावशी म्हणाली. "आन तितं त्याला मुक्या म्हनायला कुनाला मराठी येत न्हाई."



आता कुणी म्हणेल, केनियात मोबाईल मिळत नाहीत का? मिळतात. पण अंबाजीला अक्षरओळख नाही. त्याचा मोबाईल इथंच त्याच्यासाठी तयार करावा लागतो. समोर फक्त आईचा फोटो, फोटोवर बोट ठेवलं की व्हिडिओ लागला पाहिजे, आणि फोन आला की खिशात असा थरथरला पाहिजे की मांडीला कळावं. आम्ही दोघी कामशेतला विक्कीच्या दुकानात गेलो आणि अगदी जुन्यासारखाच घेतला. घरी आणून मावशीनं त्याला हळदीकुंकू लावलं. मी माझ्या घरी, मावशी तिच्या घरी, असं बसून आम्ही तो तपासला. मावशीचं सिम त्यात घातलं आणि तासभर व्हिडिओवर हातांनी बोललो. गल्ली जमा झाली होती. चित्र स्वच्छ, थरथर जोरदार. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मग मावशीनं सिम काढलं आणि निर्यातीचा गुलाब गुंडाळावा तसा तो मोबाईल पुठ्ठ्यात गुंडाळून वरदच्या हातात दिला.

शनिवारी पोरांना खिचडी वाढून, बाकीचं मदतनीस बाईवर सोपवून मी मावशीकडे गेले. आपल्याकडे ऊन डोक्यावर येतं तेव्हा तिकडं सकाळ असते. मावशी अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून ओसरीवर बसली होती, हात मांडीवर. दत्तोबा उंबऱ्यावर. माझ्या मोबाईलवर वरदचा व्हिडिओ आला.

"अनिताताई, सिम घेतच नाहीये," तो म्हणाला. "इथलं नवं सिम घातलं तर इंग्रजीत काहीतरी येतं आणि बंद. ऑफिसच्या वायफायवर चालतोय, पण वायफाय शेडपर्यंत पोचत नाही. शेडमध्ये सिमच लागणार."

"दुसरं सिम घाल."

"दोन घालून बघितली."

त्याच्या मागे अंबाजी उभा होता. एका खांद्याला त्याची पिशवी होती, भरलेली. कुणीतरी त्याला खुणेनं सांगितलं असणार, सामान बांधून ठेव. मावशीला बघून त्यानं मोरणीवर बोट ठेवलं आणि मग दोन्ही तळहात उताणे केले. काय चाललंय? मावशीनं हातानंच सांगितलं, थांब.

मी विक्कीला फोन लावला आणि त्याच्यावर तुटून पडले. सडका माल विकतोस, गरिबाच्या पोराची नोकरी जाईल, दुकानासमोर येऊन बसेन, जे सुचेल ते बोलले.

"बाई, झालं का बोलून?" विक्की म्हणाला. "मला एक सांगा, नवा मोबाईल इथल्या सिमवर चालू करून बोललात का?"

"तासभर बोललो!"

"कसं? व्हिडिओवर?"

"मग काय!"

"साधा कॉल लावला का एकदा तरी?"

या घरात साधा कॉल लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोनवर तोंडानं बोलायचं कशाला, समोरच्याला ऐकू येत नाही तर?

विक्कीनं सांगितलं ते असं. या मोबाईलला कुलूप असतं. आपल्या देशात विकलेला मोबाईल आधी आपल्या सिमवरून साधा कॉल लावून पाचेक मिनिटं बोलावा लागतो, मग ते कुलूप निघतं. व्हिडिओवरचं बोलणं त्यात धरत नाहीत. आता तो परदेशात आहे, तर तिथं कुणाचं आपलं सिम असेल ते घालून बघा. होईल असं वाटतं, पण गॅरंटी नाही. आणि मधे कॉल तुटू देऊ नका.

"गप्प बसून चालेल का?"

"मला माहीत नाही. बोलतच राहा ना, तुम्हाला काय अवघड आहे?"

हा टोमणा मी नंतरसाठी ठेवून दिला.

वरदकडे त्याचं इथलं सिम होतं. त्यानं ते काढून नव्या मोबाईलमध्ये घातलं. त्याचा स्वतःचा मोबाईल ऑफिसच्या वायफायवर टेबलाला टेकवून ठेवला, म्हणजे आम्हाला चित्र दिसत राहील. बाहेर गाडीचा हॉर्न वाजलेला आम्हाला इथं ऐकू आला. ड्रायव्हरला नैरोबीचा रस्ता गाठायचा होता.

"मावशीच्या नंबरवर लावतो," वरद म्हणाला. "मला मॅनेजर बोलावतायत. ताई, कॉल तोडू नका."

त्यानं नंबर लावून नवा मोबाईल अंबाजीच्या हातात दिला, त्याचा हात धरून तो गालाशी नेला, असाच धर म्हणून खूण केली आणि बाहेर पळाला. इकडं मावशीचा मोबाईल वाजला.

दत्तोबा उंबऱ्यावरून उठले. "उचलू नगंस," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. "बये, न्हाई उचलला तर काय बिगडंल? रातच्याला न्हाई तर उद्याच्याला पोरगं घरी यिल."

मोबाईल वाजत राहिला. मावशीनं दत्तोबांकडे बघितलं, आणि मी खरंच सांगते, ती उचलणार नाही असं मला वाटलं. तिचा अंगठा हिरव्या खुणेवर होता आणि हलत नव्हता. तिकडं चित्रात अंबाजी गालाशी मोबाईल धरून भाबडेपणानं उभा होता.

मग तिनं उचलला.

"हॅलू," ती म्हणाली. आणि थांबली. "बाई, काय बोलू? त्याला कुटं ऐकू येतंय?"

"काहीही बोला. थांबू नका."

"अंबा. मी बोलतेय. तुजी आय." पुन्हा थांबली. "शेळी व्याली. दोन झाली. एक पांढरं हाय." पुढं तिला सुचेना. ती माझ्या मोबाईलमधल्या चित्राकडे बघत होती. तिथून अंबाजीलाही तिचा चेहरा दिसत होता, आणि तो त्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते शोधत होता.

"बाई," ती म्हणाली, "तो तुमचा मोबाईल पालथा घाला."

मी घातला. त्याचा आवाजही बंद केला. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग ती बोलायला लागली. मी बयामावशीला इतकी वर्षं ओळखते, पण तोंडानं एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ये बाबा घरी," ती म्हणाली. "लय झालं आता. तू गेल्यापसनं माजं हात गप झाल्यात. दिसभर फुलं बांधते, घरी आले की हाताला बोलाय कुनी न्हाई. तुज्या बापासंगं तोंडानं बोलते, पन त्यात माजा जीव न्हाई रं. मला हातानंच बोलाय येतं. सपनात बी मी हातानं बोलते. मी समद्यास्नी म्हनते ना, अंबा तितंच बरा, ते खोटं हाय. समदं खोटं हाय. रोज सकाळी वाटतं, त्या सायबाचा फोन यावा आन त्यानं म्हनावं, घिऊन जा तुजं पोरगं. परवा त्यानं म्हनलं, आन मीच मदी पडले. का पडले? मला काय येड लागलंय? तुज्या बापानं आत्ता म्हनलं, उचलू नगं. माजं बोट हालत नव्हतं, अंबा. आय हाय मी, दगड न्हाई."

तिचा आवाज चिरका झाला होता. पदर डोळ्याला लावायला हात मोकळा नव्हता, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातानं तिनं ओसरीचा खांब धरला होता. मी रडत होते, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"पन तू हितं आलास तर परत ए मुक्या," ती म्हणाली. "परत पानी आन, पुडी आन. तुज्या हातात काय हाय ते हितं कुनाला दिसलं? मला दिसतंय. एकलीला दिसून काय उपेग? म्हून मी कदी तुला सांगनार न्हाई हे. मरंपतूर न्हाई. आत्ता सांगते, कारन तुला ऐकाय जात न्हाई. ये बाबा. मला लय एकटं वाटतं. ये."

ती "ये, ये" म्हणत राहिली. घड्याळाकडे मी बघत होते, पण आकडा डोळ्यात शिरत नव्हता. शेवटी मीच तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि कॉल बंद केला. दत्तोबा परत उंबऱ्यावर बसले होते, पाठ आमच्याकडे करून.

माझा मोबाईल मी सरळ केला. वरद आला होता. त्यानं स्वतःचं सिम काढलं, तिथलं घातलं. मोबाईल बंद केला, चालू केला. पडद्यावर डोळे लावून बसला. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. अंबाजीनं पिशवी खांद्यावर नीट केली, निघायला तयार असलेला माणूस करतो तशी.

"आलं," वरद म्हणाला. "रेंज आली! ताई, आली!"

पण चाचणी अजून बाकी होती. अंबाजी नवा मोबाईल खिशात घालून शेडच्या आत गेला, अगदी पार टोकाला. मॅनेजर वरदच्या मोबाईलवर आला. गोल चेहऱ्याचा माणूस, घाईत. तो हिंदीत म्हणाला, "माताजी, उसको बाहर बुलाओ. पूरब वाले दरवाजे से. दूसरे से नहीं."

मावशीनं तोंडावरून हात फिरवला, पदरानं डोळे पुसले आणि स्वतःच्या मोबाईलवरून अंबाजीला लावला. वाजला. वाजला. उचलेना. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. तिनं बंद करून पुन्हा लावला. आणि एकदम गुलाबाच्या पानांमधून अंबाजीचा चेहरा आला, जवळ, घामेजलेला.

मावशीचे हात चालू झाले. काय ते हात! सूर्य वर येतो ती बाजू, दार, बाहेर, पटकन, औषध, नाक झाक. अंबाजीनं मान डोलावली. चित्रात पानं पळायला लागली. माझ्या मोबाईलवर वरदनं ऑफिसच्या पायरीवरून, वायफाय पोचत होतं तिथूनच, लांबचं दार दाखवलं होतं. ते दार उघडलं, आणि तो त्यातून बाहेर आला, पूर्वेच्याच, नाकावर रुमाल धरून.

मॅनेजरनं पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "ठीक है. रख लेता हूँ." मग त्याला काय वाटलं कोण जाणे. "लेकिन एक बार उससे भी पूछो माताजी. रहना है कि जाना है? गाडी खडी है."

मावशीनं विचारलं. हात उंच करून लांब मानेचा प्राणी, म्हणजे केनिया. बोटं जुळवून तिकोना, म्हणजे गाव. आणि तर्जनी त्याच्याकडे. तुझं काय?

अंबाजी बाहेर उन्हात उभा होता. त्यानं गाडीकडे बघितलं, शेडकडे बघितलं. मग त्यानं स्वतःच्या गालाला हात लावला, जिथं मोबाईल धरला होता तिथं, आणि बोटं थरथरवून दाखवली. एवढा वेळ गालावर काहीतरी थरथरत होतं. तू मघाशी काय सांगत होतीस? मग मोरणीवर बोट ठेवलं आणि तळहात पुढं केला. तू सांग. तू म्हणशील ते.

मला वाटलं, आता ही मोडणार. नुसते दोन्ही हात आपल्याकडे ओढायचे होते. एवढीच खूण. लहानपणी शेतातून त्याला घरी बोलवायची, तीच.

मावशीनं उजव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवत जा, एवढंच म्हणत होते. मग तळहात खाली करून तिनं जमिनीकडे दाबला, एकदा, आणि पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा घट्ट. राहा. तिथंच राहा.

अंबाजी हसला. त्यानं खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि वरद घाईघाईनं "निघतो ताई" म्हणाला.

दत्तोबांनी मान वळवली. त्यांचे डोळे लाल होते.

"तोंडानं एक आन हातानं एक?" ते म्हणाले.

"हातानं खोटं बोलले," मावशी म्हणाली. "जल्मात पयल्यांदा."